खिशात मावणारं पिस्तूल: काय बघून निवडायचं

दुकानातलं सगळ्यात छोटं पिस्तूल बहुतेकांना हातात घेताक्षणी आवडतं. तळहातात झाकलं जातं, वजन जाणवत नाही, खिशात टाकलं की विसरायला होईल असं वाटतं. त्याच पिस्तुलातून नेमबाजीच्या रेंजवर तीन-चार मॅगझिन (मुठीत बसणारे गोळ्यांचे कप्पे) रिकामी केली की सूर बदलतो. करंगळीला धरायला जागा नाही, धक्का थेट अंगठ्याच्या बेचक्यात बसतो, साइट (नेम धरायच्या खुणा) नावापुरत्या आहेत आणि कागदावरची भोकं वाट फुटेल तिकडे गेली आहेत.

यात पिस्तुलाचा दोष नसतो. एवढ्याशा आकारात सगळं बसवता येत नाही. मोठी मूठ, ठळक साइट, हलका चाप, जास्त गोळ्या यातलं काहीही वाढवलं की वजन, जाडी नाहीतर जोखीम वाढते. म्हणून खिशातलं पिस्तूल निवडणं म्हणजे मुख्यतः काय सोडायचं ते ठरवणं. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. ज्या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत त्या आधी, हौसेच्या शेवटी.

त्याही आधी कायदा. परवाना कशाचा मिळतो, भरलेलं शस्त्र अंगावर बाळगता येतं का, मॅगझिनमध्ये किती गोळ्या चालतात, हे प्रत्येक देशात आणि काही ठिकाणी प्रत्येक राज्यात वेगळं असतं. काही देशांत ठरावीक कॅलिबर (गोळीचं माप) सामान्य नागरिकाला मिळतच नाही. ही यादी हातात आल्याशिवाय मॉडेलची नावं बघू नका, निम्मी आपोआप गळतात.

आधी खिसा मोजा

उत्पादक प्रत्येक मॉडेलची लांबी, उंची आणि जाडी देतो. त्या मापाचा जाड पुठ्ठा कापा आणि रोजच्या पँटच्या पुढच्या खिशात घालून दिवसभर वावरा. खाली बसा, जिना चढा, गाडी चालवा. पुठ्ठ्याचा कोपरा वर डोकावतो का, कापडावर चौकोन उमटतो का, ते दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा.

मग खिशाचं तोंड तपासा. रिकामा हात सहज आत जातो, पण मूठ वळली की तो बाहेर येत नाही, असे खिसे पुष्कळ असतात. पिस्तूल पूर्ण मुठीत धरून बाहेर काढायचं तर तोंड रुंद लागतं. अरुंद असेल तर अंगठा स्लाइडच्या (नळीवरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या) मागच्या टोकावर ठेवून हात बारीक करत काढावा लागतो. पुठ्ठ्यावरही हे कळतं. बसलेल्या अवस्थेत, विशेषतः सीट बेल्ट लावलेला असताना, पुढच्या खिशातून काहीच पटकन निघत नाही. दिवसाचा बराच वेळ गाडीत जात असेल तर खिसा ही जागाच तुमच्यासाठी चुकीची असू शकते. हे पिस्तूल घेण्यापूर्वी कळलेलं बरं.

वजनाचा अंदाज यावा म्हणून काही आकडे. केल-टेक पी-३२ रिकामं असताना साधारण १९० ग्रॅम भरतं, रुगर एलसीपी सुमारे २७० आणि स्मिथ अँड वेसनचं हलक्या फ्रेमचं ६४२ रिव्हॉल्व्हर चारशेच्या थोडं वर. सिग पी३६५ पाचशेच्या आसपास जातं, तर पोलादी वॉल्थर पीपीके सहाशेच्या आसपास. १९०८ सालचं कोल्टचं व्हेस्ट पॉकेट पिस्तूल दुबळी .२५ एसीपी गोळी झाडायचं आणि तरी ३७० ग्रॅमच्या घरात होतं. पॉलिमरच्या फ्रेमने किती फरक पडला ते यावरून दिसतं. वर भरलेल्या काडतुसांचं वजन धरा, सात .३८० काडतुसांचे साठ-पासष्ट ग्रॅम होतात. माझ्या मते भरल्यावर साडेतीनशे ग्रॅमपर्यंत पँटचा खिसा कुरकुरत नाही. पाचशेच्या पुढे खिसा लोंबायला लागतो, आणि मग माणूस ते घरीच ठेवायला लागतो.

कॅलिबरच्या वादात किती पडायचं

थोडंच. पूर्ण लांबीच्या नळीतून .२५ एसीपीची ऊर्जा ९० ज्यूलच्या आसपास असते, .३२ एसीपीची १७०-१८०, .३८० एसीपीची २६०-२७० आणि ९ मिमी पॅराबेलमची साडेचारशेच्या पुढे. खिशातल्या पिस्तुलाची नळी ७० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे प्रत्यक्षात सगळे आकडे खाली येतात.

१९८६मध्ये मायामीत झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने गोळ्यांच्या चाचणीची पद्धत बसवली. तिच्यात शरीराऐवजी वापरलेल्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर भेदन अपेक्षित असतं. छोट्या नळीतून .३८०ची गोळी इथे कात्रीत सापडते. पोकळ टोकाची गोळी नीट फुलली तर पुरेशी आत जात नाही आणि आत गेली तर बऱ्याचदा फुललेली नसते. म्हणून या कॅलिबरमध्ये एकाच महागड्या ब्रँडचा आग्रह धरण्यात फारसा अर्थ नाही. तुमच्या पिस्तुलात जी अडखळत नाही ती गोळी चांगली.

.३२ एसीपीत एक खास भानगड आहे. या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. पोकळ टोकाचं काडतूस लांबीला आखूड असल्याने मॅगझिनमध्ये पुढे-मागे हलतं आणि वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन अडकते. ही अडकण स्लाइड ओढून सुटत नाही. मॅगझिन काढून काडतुसं हाताने सोडवावी लागतात. सीकॅम्पसारख्या उत्पादकाने मॅगझिनच मुळात आखूड काडतुसांना धरून आखलं. इतर .३२मध्ये साध्या गोल टोकाची पूर्ण लांबीची काडतुसं वापरणं हा सरळ उपाय.

.२२ रिमफायर (ज्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो) धक्क्याला हलकं, सरावाला स्वस्त. पण त्याची पेट घेण्याची रचना मध्यभागी प्रायमर असलेल्या काडतुसांइतकी भरवशाची नाही. मनगट किंवा बोटं दुखरी असतील तरच त्याचा विचार करा.

आणि खरेदी करताना डब्यावरचं नाव नीट वाचा. .३८० एसीपी, ९ मिमी शॉर्ट, ९ मिमी कुर्झ आणि ९×१७ हे सगळं एकच काडतूस. ९×१९ किंवा ९ मिमी लुगर हे वेगळं आणि जास्त ताकदीचं. .३२ एसीपीलाच ७.६५ ब्राउनिंग म्हणतात, पण .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे रिव्हॉल्व्हरचं निराळंच काडतूस आहे.

स्लाइड तुमच्या हाताला ओढवते का

पिस्तूल छोटं म्हणजे ते वापरायला सोपं, ही समजूत स्लाइड ओढताना पहिल्यांदा मोडते. जुन्या घाटाच्या बऱ्याच छोट्या पिस्तुलांत, पीपीके धरून, नळी स्थिर असते आणि गोळी सुटताना स्लाइडला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग अडवते. याला ब्लोबॅक म्हणतात. रचना साधी, पण स्प्रिंग कडक लागते आणि धक्का तीक्ष्ण बसतो. लॉक्ड ब्रीच रचनेत नळी आणि स्लाइड सुरुवातीचा थोडा प्रवास एकमेकांना धरून करतात, मग नळी मागच्या बाजूने खाली कलते आणि दोघं सुटतात. त्यामुळे स्लाइड हलकी ठेवता येते आणि स्प्रिंगही मऊ चालते. पी-३२ने १९९९मध्ये ही रचना एवढ्या छोट्या पिस्तुलात आणली आणि पुढची बरीच खिशातली पिस्तुलं त्या वाटेने गेली.

दुकानात तपासायची पद्धत अशी. आधी मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामा असल्याची खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला. मग स्लाइड दहा वेळा सलग ओढा. पहिल्या तीन वेळा कुणालाही जमतं, दहाव्या वेळी बोटं घसरत असतील तर हे पिस्तूल तुमचं नाही. स्लाइडवरच्या खाचा उथळ असतील तर घामेजल्या हाताने आणखी अवघड जाईल.

ज्यांना स्लाइड ओढताच येत नाही त्यांच्यासाठी बेरेटाची बॉबकॅट आणि टॉमकॅट ही वर उघडणाऱ्या नळीची पिस्तुलं आहेत. खटका दाबला की नळीचं मागचं टोक वर येतं, त्यात काडतूस घालायचं आणि नळी खाली दाबून बसवायची. सोय मोठी आहे, पण यांत एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस ओढून काढणारा आकडा, नाही. काडतूस पेटलं नाही तर स्लाइड ओढून ते बाहेर निघत नाही. नळी उघडूनच काढावं लागतं.

चाप: इथे घाई करू नका

बाकी सगळ्यात तडजोड चालेल, पण चाप चुकला तर पिस्तूल चुकलं. मुख्य प्रकार तीन.

लांब ओढीचा डबल ॲक्शन: चाप प्रत्येक वेळी तितकाच लांब आणि साधारण तीन-चार किलोच्या जोराने ओढावा लागतो. नेम साधायला कठीण, कारण ओढता ओढता हलकं पिस्तूल हातात डुलतं. पण खिशात तो चुकून ओढला जाण्याची शक्यता कमी. खिशासाठी मी हाच प्रकार आधी बघायला सांगेन.

स्ट्रायकर किंवा आतून आधीच बराचसा ताणलेला हॅमर (दोन्ही काडतूस पेटवणारा ठोका देणारे भाग): ओढ आखूड, जोर कमी, नेम चांगला. एलसीपीचं मूळ मॉडेल आणि २०१६चं एलसीपी टू एकामागोमाग झाडून बघितली की फरक लगेच कळतो. दुसऱ्याचा चाप केव्हाही छान. मात्र चाप जितका हलका आणि आखूड, तितकं होल्स्टर घट्ट आणि सवय पक्की हवी.

सिंगल ॲक्शन: सिग पी२३८सारखी, हॅमर ताणून सेफ्टी लावून बाळगायची. तिन्हींत नेम सगळ्यात सोपा, स्लाइडही हलकी. पण घाईत अंगठ्याने सेफ्टी खाली पाडणं हाताला मुरलेलं नसेल तर चाप ओढूनही काही होत नाही. रोज सराव करणाऱ्यासाठी ठीक, वर्षातून दोनदा रेंजवर जाणाऱ्यासाठी नाही.

बोटाची लांबीही बघा. मूठ एवढी छोटी असते की मोठ्या हाताच्या माणसाचं बोट चापाच्या पलीकडे जातं आणि ओढताना टोक स्वतःच्याच अंगठ्याला टेकतं. दुकानात रिकाम्या पिस्तुलावर परवानगी घेऊन पाच-सहा वेळा चाप ओढा आणि पुढच्या साइटकडे बघत राहा. चाप सुटण्याच्या क्षणी साइट डावीकडे किंवा खाली झटका खाते का? तिथे खाते, तर गोळ्यांसकट तर खाणारच. .२२ रिमफायर असेल तर रिकामा चाप ओढण्याआधी विचारा, काहींत फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) चेंबरच्या काठावर आपटून काठ खराब होतो.

काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढून त्याच काडतुसावर दुसरा ठोका देता येतो का, हाही प्रश्न विक्रेते पुढे करतात. मूळ एलसीपीत तो येत नाही, स्मिथ अँड वेसनच्या पहिल्या बॉडीगार्ड ३८०मध्ये येतो. मला ही सोय गौण वाटते. न पेटलेलं काडतूस फेकून पुढचं आणणं हाच सराव बरा.

पडलं तर काय, आणि वेगळी सेफ्टी हवी का

खिशातलं पिस्तूल कधीतरी पडणारच, बहुधा बाथरूममध्ये. त्यामुळे पडल्यावर गोळी सुटू नये ही अट सोडायची नाही. चाप ओढल्याशिवाय फायरिंग पिन पुढे जाऊ न देणारा अडसर आत आहे का, ते माहितीपुस्तिकेत बघा. जुनं पिस्तूल घेत असाल तर त्या मॉडेलची आणि त्या क्रमांकाची परत मागवणी झाली होती का ते उत्पादकाकडे तपासा. रुगरने २००८मध्ये एलसीपीची सुरुवातीची पिस्तुलं याच कारणासाठी परत बोलावली होती. भरलेलं पिस्तूल पडलं तर गोळी सुटण्याची शक्यता होती. आणि पडणारं पिस्तूल हवेत झेलायला जाऊ नका. झेलताना बोट नेमकं चापात जातं.

हाताने लावायच्या सेफ्टीबद्दल माणसं हमरीतुमरीवर येतात. लांब, जड चाप असेल तर मी ती घेणार नाही. हलका चाप असेल आणि खिशातच बाळगायचं असेल तर घ्यावी, पण तिचं बटण अंगठ्याला न बघता सापडायला हवं. काही मॉडेलांत ते एवढं चपटं आणि कडक असतं की नखाने उचकटावं लागतं. अशी सेफ्टी नसलेली बरी.

साइट आणि लेसर

सीकॅम्प एलडब्ल्यूएस ३२ला साइटच नाहीत, मूळ एलसीपीला स्लाइडमध्येच कोरलेले दोन उंचवटे आहेत. खिशात अडकू नये म्हणून हे केलेलं असतं. २०२१च्या एलसीपी मॅक्समध्ये मात्र पुढची साइट अंधारात चमकणारी आहे आणि तरी ते खिशातून सहज निघतं, म्हणजे आता कुणी साइट नसल्याचं समर्थन करायचं कारण उरलेलं नाही. मोठी पुढची साइट हवीच. मागची साधी काळी चालेल. लेसर हे हौसेचं प्रकरण. बॅटरी संपते, उन्हात ठिपका दिसत नाही आणि नवखा माणूस ठिपका शोधत बसतो.

मॅगझिन आणि बाकीचे खटके

एलसीपीत सहा अधिक एक (चेंबरमधली) गोळ्या, एलसीपी मॅक्समध्ये दहा अधिक एक, आणि वजनात फरक तीसेक ग्रॅमचा. हा सौदा चांगला आहे. मॅगझिनच्या बुडाशी करंगळी टेकवायचा छोटा ओठ मिळतो. मूठ धरण्यात त्याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो, पण उंची वाढते. पुठ्ठा पुन्हा कापा.

शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे अडकून राहणं ही सोय मूळ एलसीपीत नव्हती, एलसीपी टूमध्ये आली. असावी. मॅगझिन सोडायचा खटका मुठीच्या बुडाशी असेल तर बदलायला वेळ लागतो, पण खिशात चुकून दाबला जात नाही. बाजूला बटण असेल तर ते फार उंच नको. काही पिस्तुलं मॅगझिन काढलं की चेंबरमध्ये गोळी असूनही झाडत नाहीत. या सोयीवर विसंबून कधीही पिस्तूल रिकामं समजू नका.

रिव्हॉल्व्हर का नको?

नको असं नाही. हॅमर आत झाकलेलं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर कापडात अडकत नाही, स्लाइड ओढावी लागत नाही, गोळी पेटली नाही तर चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. कोटाच्या खिशासाठी ते उत्तमच. पँटच्या खिशात मात्र सिलिंडरची ३३ मिलिमीटर जाडी उठून दिसते. एलसीपीची जाडी २१ मिलिमीटर आहे. चाप पाच किलोच्या पुढे जातो, आणि हलक्या फ्रेममधून जोरदार .३८ स्पेशल (रिव्हॉल्व्हरची, .३८० एसीपी नव्हे) काडतुसं झाडली की पुढची गोळी झाडायची इच्छा राहत नाही.

होल्स्टर पिस्तुलाबरोबरच घ्या

अमेरिकन फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेसने नोव्हेंबर २००८मध्ये न्यूयॉर्कच्या नाइटक्लबमध्ये स्वतःच्याच मांडीत गोळी मारून घेतली. पिस्तूल होल्स्टरशिवाय कमरेला खोचलेलं होतं, ते पँटमधून खाली घसरलं आणि सावरताना चाप ओढला गेला. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल त्याला तुरुंगातही जावं लागलं.

खिशाच्या होल्स्टरचं काम तीन गोष्टींचं: चाप पूर्ण झाकणं, पिस्तूल मूठ वर करून एकाच स्थितीत ठेवणं आणि पिस्तूल निघताना स्वतः खिशातच राहणं. शेवटचं करून बघा. दहापैकी एकदाही होल्स्टर पिस्तुलाबरोबर बाहेर आलं तर दुसरं घ्या. चापावर बोटाने बाहेरून दाबून बघा, कापड मऊ पडून चाप जाणवत असेल तर ते बाद. त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही, किल्ल्या तर नाहीच. आणि पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालताना होल्स्टर खिशातून बाहेर काढा, बघत बघत घाला, मग दोन्ही मिळून खिशात.

रेंजवरची परीक्षा

शक्य असेल तर भाड्याने किंवा ओळखीच्याचं तेच मॉडेल आधी झाडून बघा. घेतल्यानंतर निदान २०० गोळ्या, त्यातल्या पन्नास तरी रोज बाळगणार तीच. शेवटच्या शंभरात काही अडकलं तर कारण सापडेपर्यंत त्यावर भिस्त ठेवू नका. मनगट सैल धरल्यानेही छोटी पिस्तुलं अडतात, तेव्हा एकदा दुसऱ्या अनुभवी माणसाच्या हातात देऊन बघा. अंतर तीन ते सात मीटर. एका हाताने, डाव्या हातानेही. खिशातून काढायचा सराव आधी घरी, पिस्तूल रिकामं करून आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून.

रोजची देखभाल

खिशातला लिंट (कापडाचा भुसा) नळीत, चेंबरच्या तोंडाशी आणि हॅमरच्या फटीत जाऊन बसतो. आठवड्यातून एकदा पिस्तूल रिकामं करून कोरड्या ब्रशने झाडा. घामाने पोलादी स्लाइडवर लालसर ठिपके येतात, तेलाचा हलका हात पुरतो, जास्त तेल लावलं तर लिंट आणखी चिकटतो. छोट्या पिस्तुलांच्या रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणाऱ्या) मोठ्यांपेक्षा लवकर थकतात. किती गोळ्यांनंतर बदलायची ते माहितीपुस्तिकेत दिलं असेल तर डब्यावर लिहून ठेवा.

रात्री रिकामं आणि सकाळी भरलेलं असं करणाऱ्यांनी वरच्या काडतुसावर लक्ष ठेवायला हवं. तेच काडतूस रोज चेंबरमध्ये आपटून गोळी पुंगळीत आत सरकते, आणि आत सरकलेली गोळी झाडली की दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा, जरा जरी बुटकं दिसलं तर बाजूला काढा. त्यापेक्षा घरी आल्यावर ते भरलेलंच, होल्स्टरसकट, किल्ली फक्त तुमच्याकडे असलेल्या छोट्या तिजोरीत ठेवणं मला जास्त पटतं. जिथे कायद्याने शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळी ठेवायची सक्ती आहे तिथे अर्थातच तसं. मग वरचं काडतूस दर काही दिवसांनी बदला आणि जुनं रेंजवर न नेता वेगळ्या डबीत टाका.